ढोलाशिवायची दवंडी

सांगून मोकळे होणारे लोक सगळीकडे आहेत. घरात आहेत, कचेरीत आहेत, शाळेत तर वर्गावर्गात आहेत. समोरच्याच्या कानावर शब्द आदळले की यांचं काम संपतं. त्याला ते कळले का, पटले का, तो कुठे अडलाय का, हे विचारायला यांना वेळ नसतो. पुढे काही बिघडलं की उत्तर तयारच असतं: “मी तर सांगितलं होतं!” सांगितलं होतंत, मान्य. पण कुणाला? माणसाला की हवेला?

अशाच एका सांगणाऱ्याची ही गोष्ट आहे.

एका मोठ्या तलावाच्या खाली एक गाव होतं आणि त्या गावाला एक दवंडीवाला होता. तलाव वर डोंगराच्या कुशीत, गाव खाली ओढ्याच्या काठावर आणि दोघांच्या मध्ये मातीचा जुना बंधारा. गावाशेजारी एक टेकडी होती. टेकडीवर राजाची गढी आणि गढीच्या भिंतीला लागूनच दवंडीवाल्याचं घर.

दवंडीवाल्याचा आवाज खणखणीत होता. राजाचा हुकूम निघाला की तो ढोल गळ्यात अडकवून टेकडी उतरे आणि चौकाचौकांत उभा राहून ओरडे, “ऐका हो ऐका!” कारभाऱ्यांनी जे शब्द दिले असतील तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच चालीत. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. त्याला याचा फार अभिमान होता. “पहिल्या चौकात जे बोललो, तेच शेवटच्या चौकात,” तो म्हणे. “लहान-थोर, शहाणा-वेडा, सगळे मला सारखे.”

त्या गावात दवंडी ऐकण्याचीही एक रीत होती. ढोल वाजला की ज्याने त्याने हातातलं काम ठेवायचं, उंबऱ्याबाहेर यायचं, मान खाली घालून हात जोडायचे. दवंडी संपली की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “हुकूम शिरसावंद्य!” आणि आपल्या कामाला लागायचं. मध्ये बोलायचं नाही. नंतर काही विचारायचंही नाही. कधीकाळी एका म्हाताऱ्याने दवंडी मध्येच थांबवून “म्हणजे काय हो?” असं विचारलं होतं. तेव्हाच्या राजाला तो आपला अपमान वाटला आणि त्याने म्हाताऱ्याला दिवसभर उन्हात उभं केलं. तो राजा गेला, तो म्हातारा गेला, भीती तेवढी राहिली. ढोल गळ्यात असेपर्यंत दवंडीवाला म्हणजे साक्षात राजाचा शब्द. तेवढा वेळ तो कुणाचा शेजारी नाही, कुणाचा मामा नाही, कुणाचा बाप नाही.

त्याची एकुलती एक लेक त्याच गावात, ओढ्याकाठच्या आळीत दिली होती. तीसुद्धा दवंडीच्या वेळी दारात येऊन मान खाली घालून उभी राही. बाप समोर असूनही ‘बाबा’ म्हणून हाक मारत नसे.

आता दवंड्या तरी कसल्या असायच्या? महाराजांचा वाढदिवस आहे. महाराजांनी नवी पदवी धारण केली आहे. महाराजांच्या हत्तिणीला पिल्लू झालं आहे. लोक मान खाली घालून उभे राहत आणि मनातल्या मनात भाजीला काय करायचं ते ठरवत. त्यांना तरी नावं का ठेवा?

एका भाद्रपदात तलाव काठोकाठ भरला. बंधाऱ्यावरच्या राखणदाराला सकाळी मातीत एक लांब भेग दिसली. तो धावत गढीत गेला. कारभाऱ्यांनी लगेच दवंडीवाल्याला बोलावून शब्द दिले. दवंडीवाला टेकडी उतरला आणि नेहमीसारखा चौकाचौकांत उभा राहून गरजला:

“ऐका हो ऐका! तमाम रयतेस कळविण्यात येते की, तलावाच्या बंधाऱ्यास उपसर्ग पोहोचला असल्याकारणाने सर्वांनी सूर्यास्तापूर्वी आपापल्या चीजवस्तूंसह उच्च स्थळी प्रस्थान करावे हो!”

“हुकूम शिरसावंद्य!” सगळे म्हणाले आणि कामाला लागले.

दवंडीवाल्याने सगळे चौक संपवले, घरी येऊन ढोल खुंटीला टांगला आणि जेवायला बसला. जेवण झाल्यावर हात धुवायला तो अंगणात आला, तर त्याची बायको कठड्याशी उभी राहून खाली बघत होती.

“अहो, गावात कसला धूर दिसतोय?”

“चुलींचा असेल.”

“आज गाव रिकामं व्हायचं होतं ना?”

दवंडीवाल्याने खाली पाहिलं. छपराछपरातून धूर निघत होता. ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. गुरं झाडाखाली रवंथ करत होती. टेकडीच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

“हद्द झाली या लोकांची!” तो भडकला. “चौकाचौकांत घसा फोडून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आता बुडाले तर माझा दोष नाही.”

“आणि आपली पोर? ती कुठाय?”

“तिलाही सांगितलं की! दारातच उभी होती. खुद्द बापाच्या तोंडून ऐकलंय तिने.”

“बापाच्या तोंडून?” बायको गर्रकन वळली. “बाप कुठे होता तिथे? तिथे ढोल होता. ओली बाळंतीण आहे ती, महिन्याचं पोर आहे तिच्या मांडीवर. तुमचा दोष नाही, हे घेऊन मी काय करू? मला माझी पोर पाहिजे!”

दवंडीवाला घरात धावला. त्याने खुंटीवरचा ढोल ओढला, गळ्यात अडकवला आणि तो उताराच्या वाटेने पळत सुटला. संकटात माणूस सवयीचीच वस्तू हातात घेतो. ती कामाची आहे का, हा विचार नंतर.

ओढ्याकाठच्या आळीत पोहोचताच त्याने जिवाच्या आकांताने ढोल बडवला. दारं उघडली. माणसं बाहेर आली, हात जोडून, मान खाली घालून. लेकही आली, खांद्यावर बाळ घेऊन.

“अगं पळ!” तो ओरडला. “पळा सगळे! बंधाऱ्यास उपसर्ग... सर्वांनी उच्च स्थळी... पळा!”

त्याच्या तोंडून अर्धे शब्द त्याचे आणि अर्धे कारभाऱ्यांचे बाहेर पडत होते. माणसांनी वाट पाहिली. ढोल थांबला. मग सगळे एका सुरात म्हणाले, “हुकूम शिरसावंद्य!”

लेकही म्हणाली. आणि वळून घरात जाऊ लागली.

दवंडीवाला त्या पाठमोऱ्या लेकीकडे पाहत राहिला. तिच्या खांद्यावरून बाळाचं टाळूभर जावळ दिसत होतं. हिने आपला शब्द ऐकला, मान दिला आणि ही आता घरात जाऊन बुडणार. आजवर आपल्याला कुणी काही विचारलं नाही, म्हणून आपल्याला वाटत राहिलं की सगळ्यांना सगळं कळतंय.

ढोल जमिनीला टेकवायची मनाई होती. टेकवणाऱ्याची दवंडी कायमची काढून घेत, शिवाय गढीजवळचं घरही जाई. दवंडीवाल्याला हे पुरतं ठाऊक होतं. त्याने पट्टा डोक्यावरून काढला आणि ढोल लेकीच्या दारासमोर मातीत ठेवला.

कुणाच्या तरी हातातली घागर निसटली.

लेक वळली. ढोल मातीत आणि बाप रिकाम्या गळ्याने उभा. असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “काय झालंय हो?”

“पोरी, तलाव फुटतोय.”

“फुटतोय म्हणजे? कधी?”

“केव्हाही. बंधाऱ्याला भेग पडलीय. हात आत जाईल एवढी आहे म्हणे. सगळं पाणी या ओढ्यातून येणार. ही आळी पहिली जाईल.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

‘सांगितलं होतं’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले.

“सकाळी मला सांगता आलं नाही,” तो म्हणाला. “आता सांगतोय. बाळाला घे आणि टेकडीवर आईकडे जा.”

घरातून लेकीची सासू बाहेर आली होती. “वा! बापलेकीने ठरवलं आणि घर सोडायचं?” ती ठसक्यात म्हणाली. “माझं उभं आयुष्य या घरात गेलंय. मी नाही येत. जा तुम्ही.”

दवंडीवाल्याला तिच्यावर खेकसावंसं वाटलं. पण लेकीने डोळ्यांनीच त्याला थांबवलं. तो दोन पावलं पुढे झाला आणि म्हणाला, “विहीणबाई, चढण अवघड आहे. हिला अजून बाळ नीट धरता येत नाही. हिच्या आईला तर लहान मुलांची सवयच राहिली नाही. वर वारा आहे. बाळाला काही झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं?”

“तेवढं मात्र खरं बोललात,” सासू म्हणाली. “माझ्यावाचून अडणार होतं, तर आधीच सांगायचं ना!” आणि तिने सुनेच्या हातातून बाळ घेतलं, दुपट्यात गुंडाळलं आणि ती सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

आळीतल्या माणसांनी हे सारं पाहिलं होतं. आता तीही पुढे आली. कुणी विचारलं गुरांचं काय, कुणी विचारलं धान्याचं काय. दवंडीवाला उत्तरं देत गेला. काही प्रश्न अगदीच खुळे होते. एकीने तर विचारलं, पाणी घरात आलं तर झाडलोट उद्या करायची की परवा? त्याने तिलाही उत्तर दिलं. बघता बघता आळी हलली.

“पोरी, तू जा आता,” तो म्हणाला.

“बाळ सासूबाईंकडे आहे,” लेक म्हणाली. “मी बरोबर येते. तुम्हाला लोकांशी बोलायची सवय नाही.”

पाटलांच्या ओट्यावर मात्र उलटच झालं. दवंडीवाला धापा टाकत म्हणाला, “पाटील, तलाव फुटतोय, निघा!” पाटलांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “ढोल कुठाय? ढोलाशिवाय कसला आलाय हुकूम? उद्या कुणीही येऊन मला ऊठ म्हणेल, मी उठायचं?” दवंडीवाल्याने कपाळावर हात मारला. मग काहीतरी सुचून तो ताठ उभा राहिला, पागोटं सरळ केलं आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला, “श्रीमंत महाराजांचे आज्ञेवरून गावच्या पाटीलसाहेबांस कळविण्यात येते की, आपण अग्रभागी राहून रयतेस टेकडीवर न्यावे.” पाटील ताडकन उठले. “हां, असं नीट बोला की!” आणि त्यांनी गाड्या जुंपायला सांगितल्या. दोन आळ्या त्यांच्यामागून निघाल्या. लेकीने तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

गावाच्या टोकाला कुंभाराचं घर होतं. अंगणात मडकी भाजायचा आवा पेटलेला होता आणि कुंभार त्याच्याशेजारी गुडघ्यात मान घालून बसला होता.

“चल ऊठ! तलाव फुटतोय.”

“ऐकलं,” कुंभार म्हणाला. “लोक जाताना सांगून गेले. मी नाही येत. आवा पेटलाय.”

“अरे, जीव मोठा की मडकी?”

“पेटलेला आवा सोडून मी जात नाही.”

“मडक्यांपायी मरणार आहेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“नसेल,” कुंभार म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

“मग मर!” दवंडीवाला ओरडला आणि चालू लागला.

लेक जागची हलली नाही. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही परत ढोलच वाजवताय.”

तो थांबला. वर बंधाऱ्याच्या दिशेला ढग उतरले होते. ऊन कलत चाललं होतं. वेळ नव्हता. आणि वेळ नसतो तेव्हाच माणसाला वाटतं की ओरडून काम लवकर होईल. पण तो परत आला आणि कुंभाराच्या शेजारी मातीत बसला.

“चुकलो,” तो म्हणाला. “आवा सोडवत नाही, ते का?”

कुंभाराने मान वर केली. मग म्हणाला, “माझा बाप एकदा पेटलेला आवा सोडून जेवायला गेला. वारा सुटला. ठिणगी शेजारच्या गंजीवर पडली. अर्धी आळी जळाली. एक म्हातारी आत होती. त्यानंतर बाप कधी पोटभर जेवला नाही. मरताना मला म्हणाला, आवा पेटलेला असला की जागचं उठू नकोस. मडक्यांचं कुणाला पडलंय, दादा? मी उठलो आणि कुणाचं घर जळलं तर?”

दवंडीवाल्याला आपल्याच शब्दांची लाज वाटली. ज्याला आपण हट्टी म्हणालो, तो दुसऱ्यांच्या घरांसाठी इथे मरायला बसला होता.

“तुझ्या बापाला वाटत होतं माणसं वाचावीत,” तो म्हणाला. “हो ना? मग आज ती माणसं कुठे आहेत बघ. सगळी वाटेवर आहेत. घरं रिकामी आहेत. ठिणगी पडली तरी आज इथे जळायला कुणी नाही. पण तू इथे राहिलास आणि पाणी आलं, तर तुला न्यायला वरून कुणीतरी धावत खाली येईल. मीच येईन. माझ्यामागे ही येईल.”

कुंभाराने लेकीकडे पाहिलं. मग आव्याकडे. तो उठला, त्याने ओल्या मातीने आव्याची तोंडं घाईघाईने लिंपली, आव्याला हात जोडले आणि डोळे पुसत तो त्यांच्याबरोबर निघाला.

वाटेत विणकराच्या झोपडीतून मागाची खटखट ऐकू आली. विणकर म्हातारा होता आणि ठार बहिरा होता. एकटाच राहत होता. जाणाऱ्यांनी त्याला दारातून हाका मारल्या होत्या आणि ते पुढे गेले होते. दवंडीवाल्याने त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून पाहिलं. म्हाताऱ्याला दवंडीवाला दिसला, तोंड हललेलं दिसलं. त्याने लगेच माग थांबवला, हात जोडले आणि म्हणाला, “हुकूम शिरसावंद्य!”

“आता याला कसं सांगायचं?” कुंभार म्हणाला. “उचलून नेऊ या का?”

“नको,” लेक म्हणाली. “घाबरेल. धडपडेल.”

दवंडीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याने म्हाताऱ्याचा हात धरून त्याला अंगणात आणलं. तिथे उतारावर ओली माती ओढून ओंजळीएवढा बांध घातला. बांधाच्या खाली काटक्यांची चार घरं मांडली. मग दारातला माठ आणून बांधाच्या वरच्या बाजूला पाणी ओतलं. पाणी साचलं. त्याने बोटाने वर डोंगराकडे दाखवलं आणि तेच बोट बांधात खुपसलं.

बांध फुटला. काटक्या वाहून गेल्या.

म्हाताऱ्याने काटक्यांकडे पाहिलं. मग डोंगराकडे. मग ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेल्या दवंडीवाल्याकडे. तो झोपडीत गेला, मागावरचं अर्धं लुगडं कापून त्याने काखेत मारलं, काठी घेतली आणि कुणी हात धरायच्या आत टेकडीच्या वाटेला लागला.

ती चौघं चढणीच्या मध्यावर असताना मागून गडगडाट झाला. त्यांनी वळून पाहिलं. बंधारा मधोमध वाकला आणि तपकिरी पाणी भिंतीसारखं खाली आलं. ओढ्याकाठची आळी पाण्याखाली गेली. कुंभाराच्या अंगणातून वाफेचा मोठा लोट उठला. लेकीच्या दारासमोरचा ढोल एकदा वर आला, गरगर फिरला आणि दिसेनासा झाला.

वर पोहोचल्यावर प्रत्येक घराने आपापली माणसं मोजली. सगळी होती. गाव गेलं होतं, पण गावातलं माणूस एकही गेलं नव्हतं. लेकीची आई आणि सासू बाळाला कसं झोपवावं यावरून भांडत होत्या.

कारभारी गढीतून आले. त्यांनी दवंडीवाल्याचा रिकामा गळा पाहिला. “ढोल?”

“मातीत ठेवला.”

“नियम ठाऊक आहे ना?”

“आहे, सरकार. पण ढोल गळ्यात होता तोवर माझी लेकसुद्धा मला ‘काय झालं’ म्हणून विचारत नव्हती.”

कारभाऱ्यांनी अंगणभर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सकाळचे शब्द कुणी लिहून दिले होते, हे त्यांना आठवलं असावं. ते वळून आत गेले. दवंडीवाल्याचं घर कुणी काढून घेतलं नाही. पुढे गाव उंचावर वसलं. दवंडी पुन्हा त्याच्याकडेच आली आणि नवा ढोलही आला. पण आता दवंडी झाली की तो ढोल उतरवून पारावर बसे, आणि लोकांचे प्रश्न संपेपर्यंत उठत नसे.

तात्पर्य: सगळ्यांना एकाच सुरात सांगणं म्हणजे सगळ्यांना सारखं मानणं नव्हे. समोरचं माणूस कुठे अडलंय ते आधी विचारावं आणि त्याला कळेल असं बोलावं. त्यासाठी आपला ढोल खाली ठेवावा लागला तर ठेवावा.

आणि हे सांगणं ज्याला जरा अतीच वाटेल, त्याने त्या संध्याकाळी टेकडीवर काय झालं ते ऐकावं. लोक शेकोटीभोवती बसले होते. बहिरा विणकर काखेतलं अर्धं लुगडं बाळाच्या अंगावर पांघरत होता. मग तो दवंडीवाल्याकडे बघून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, “जन्मभर हात जोडून उभा राहिलो रे बाबा! दवंडी काय असते, ते आज पहिल्यांदा ऐकलं.”